हा ‘चा’ कुणाचा?

नाखवा बाईंनी मला व्याकरणाचा एकच प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला आलं नाही. मी मराठीचा शिक्षक, त्यात डोंबिवलीचा, म्हणजे कुणी विचारलं नाही तरी उत्तर देणारा. त्यामुळे ती गोष्ट मला चांगलीच लागली होती, हे आधीच सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकातले ते दिवस. ठाण्याला कोपरीतल्या एका शाळेत आम्ही दोघं नोकरीला होतो, मी मराठीला, बाई गणिताला. मधली सुट्टी संपत आली होती. मी निबंधांच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“सोमण सर, षष्ठीचा प्रत्यय किती लांब पोचतो?”

“म्हणजे?”

“म्हणजे ‘चा’ लावला, तर तो शेवटच्या शब्दाला लागतो की मागच्या सगळ्यांना?”

“ज्याला लावला त्याला लागतो,” मी लाल पेन न थांबवता म्हणालो.

“मग ‘जोशी आणि कुलकर्ण्यांचा वाद’ म्हटलं, तर वाद एकट्या कुलकर्ण्यांचा?”

“छे, दोघांचा. एकटा कोण कशाला भांडेल?”

“बरं. आणि ‘बिस्किटं आणि दुधाचा चहा’ मागवला, तर बिस्किटांचाही चहा?”

मी पेन खाली ठेवलं. अर्थावरून कळतं, असं काहीतरी पुटपुटलो. बाई म्हणाल्या, “गणितात अर्थ मागाहून येतो, सर. आधी वाचून घ्यावं लागतं. ‘ए अधिक बीचा वर्ग’ म्हटलं, तर वर्ग एकट्या बीचा की दोघांच्या बेरजेचा? कागदावर कंस दिसतो. तोंडाने वाचला की कंस गिळला जातो. मग ऐकणाऱ्याने काय समजावं? हा ‘चा’ कुणाचा?”

घंटा झाली म्हणून मी वाचलो. पण दिवसभर तो ‘चा’ डोक्यात अडकून बसला. रात्री जेवताना मला उत्तर सुचलं आणि दुसऱ्या दिवशी मी ते ऐटीत बाईंसमोर ठेवलं. ‘यांचा’ म्हणायचं! ‘ए अधिक बी यांचा वर्ग.’ आपल्या भाषेत सगळी सोय आहे, बाई, फक्त वापरता आली पाहिजे.

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, “पाच गुणिले ए अधिक बी यांचा वर्ग. आता सांगा, पाच आत की बाहेर?”

मी हवेत बोटाने कंस काढून बघितला.

“‘यांचा’मुळे शेपूट हाती लागलं, सर. तोंड कुठाय?” असं म्हणून त्या वर्गावर निघून गेल्या. शिक्षकखोलीतले बाकीचे हसले. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा षष्ठी विभक्तीचा राग आला.

नाखवा बाई शाळेजवळच्याच चेंदणी कोळीवाड्यातल्या. ठेंगण्या, सावळ्या, अंगाने भरलेल्या. कडक खळीची सुती साडी, केसांत अबोलीचा वळेसर आणि उजव्या खांद्यावर कायम खडूची पांढरी बोटं उमटलेली. आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची आणि आवाज त्यांना आईकडूनच आलेला होता. त्यांच्या शेजारच्या वर्गावर माझा तास असला की माझ्या कवितेत समीकरणं शिरायची. एकदा मी तक्रार केली, तर म्हणाल्या, “मग तुमची कविता जरा मोठ्याने म्हणा. माझी पोरं कधी बिघडली का कवितेने?”

त्यांच्या डब्यात सुकटीची चटणी असली की आमच्यापैकी दोघं-तिघं आपापले डबे उचलून खिडकीपाशी जायचे. मीही त्यांतलाच. बाई शांतपणे घास घेत म्हणायच्या, “जा, जा. वारा त्याच खिडकीतून बाहेर जातो. वास तुमच्यावरूनच जाणार.” आणि तसंच व्हायचं. पुढे मी जागा बदलायचा नाद सोडला, आणि आणखी पुढे चटणीही खाऊ लागलो. घरी मात्र ते कळू दिलं नाही.

त्यांना हा ‘चा’ एकाएकी का सुचला, त्यामागे एक मुलगी होती. वंदना शेलार. लहानपणी तापात तिचे डोळे गेले होते. अंधशाळेत ठिपक्यांची लिपी शिकून ती आठवीत आमच्याकडे आली. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर कामाला. स्वतः सही करायला बिचकणारा तो माणूस मुलीला पहिल्या दिवशी वर्गात बसवून गेला, तेव्हा एवढंच म्हणाला, “हुशार हाय ओ पोरगी. बगा जरा.”

पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर गणित मांडलं आणि नेहमीच्या झपाट्याने सोडवायला लागल्या. “हे ह्याने गुणलं, की हे इकडे आलं. आता ह्यातून ते गेलं. राहिलं काय? हे!”

पहिल्या बाकावरून आवाज आला, “बाई, ‘हे’ म्हणजे कुठलं?”

वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू ठेवून दिला आणि उरलेला तास फळ्याकडे पाठ करून शिकवलं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. “सर, इतकी वर्षं मला वाटत होतं मी बोलून शिकवते. मी तर बोटानेच शिकवत होते.”

त्यानंतर त्यांच्या वर्गात ‘हे’ आणि ‘ते’ या दोन शब्दांना बंदी झाली. मग प्रश्न आला कंसाचा, आणि कंसापायी त्या माझ्याकडे षष्ठी घेऊन आल्या होत्या. मराठीने हात टेकले म्हटल्यावर त्या आईकडे गेल्या.

आईने काही गणित ऐकलं नव्हतं. ती आपली बाजाराच्या गोष्टी सांगत होती. एक नवी कोळीण आधी भाव सांगते आणि मग टोपलीत काय ते दाखवते, म्हणून गिऱ्हाईक पुढे जातं, असं तिचं गाऱ्हाणं होतं. “टोपलीत काय हाय ते पयलं सांगावं गो,” ती म्हणाली, “भाव मंग.”

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या वर्गातून ‘कंस’ हद्दपार झाला आणि ‘टोपली’ आली. टोपली उघड, ए अधिक बी, टोपली बंद, टोपलीचा वर्ग. पाच बाहेर की आत हा प्रश्नच उरला नाही. कंसात कंस आला तर? त्याचीही सोय झाली. गोल कंस म्हणजे टोपली, महिरपी कंस म्हणजे मासळीची मोठी पाटी, चौकटी कंस म्हणजे होडी. टोपली पाटीत बसते, पाटी होडीत बसते, होडी कधी टोपलीत बसत नाही. अपूर्णांकाला त्यांनी मजले दिले. ‘एक्स अधिक एक छेद एक्स’ असं कुणी मोघम म्हटलं की बाई विचारायच्या, “वरच्या मजल्यावर कोण राहतं? एकटा एक, की एक्सपण?” वर्गमुळाला छप्पर होतं, आणि छप्पर कुठे संपलं हे सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही असा दंडक होता.

मग मुलं जोड्या करून बसायची. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने वाचायचं, पहिल्याने मनात मांडून परत म्हणून दाखवायचं. चुकलं तर चूक वाचणाऱ्याची. हा नियम मुलांना फार जड गेला, कारण आपल्याकडे न समजणं ही नेहमी ऐकणाऱ्याचीच चूक असते. बाई म्हणायच्या, “बघणारा मागे वळून बघतो. ऐकणारा कसा वळणार रे? त्याला आधी सांगावं लागतं.”

आमचे मुख्याध्यापक महाजन सर यांना हे काही रुचलं नाही. महाजन सर म्हणजे उंचेपुरे, इतिहासाचे, आणि बोलण्यात पट्टीचे. पंधरा ऑगस्टला त्यांचं भाषण ऐकायला कोपरीतले लोक कंपाउंडबाहेर उभे राहायचे. बाईंना बोलावून ते म्हणाले, “बाई, शाळेत मासळीबाजार नको.”

“बाजारात कुणाला दोनदा विचारावं लागत नाही, सर,” बाई म्हणाल्या आणि नमस्कार करून बाहेर आल्या. भिणं हा प्रकार त्यांच्या स्वभावात नव्हताच.

हळूहळू टोपली त्यांच्या अंगवळणी इतकी पडली, की गणिताबाहेरही त्या कंस शोधत फिरायच्या. एकदा स्टेशनजवळच्या दुकानाच्या पाटीसमोर त्यांनी मला उभं केलं. ‘शुद्ध गाईच्या तुपाची मिठाई.’ “सांगा सर, शुद्ध कोण? गाय, तूप की मिठाई?” मी म्हटलं, “बाई, मालक शुद्ध असला की झालं.” त्यावर त्या रस्त्यात इतक्या मोठ्याने हसल्या, की दुकानदार बाहेर आला.

आणि एकदा त्यांना आयतीच संधी मिळाली. महाजन सरांनी सूचना काढली, ‘आठवी व नववीच्या नापास मुलांच्या पालकांनी शनिवारी भेटावे.’ शनिवारी आठवीच्या झाडून सगळ्या मुलांचे पालक हजर! पहिल्या नंबरच्या मुलीचे वडील अर्धी रजा टाकून आलेले. जिन्यापर्यंत रांग लागली. आमचा शिपाई गणपत केटली घेऊन त्या गर्दीतून वाट काढत होता, “चा घ्या, चा घ्या, सरा बाजूला.” सर कपाळाला हात लावून बसले होते. बाई दारातून एवढंच म्हणाल्या, “टोपली नव्हती ना, सर.” सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वंदना दहावीत गेली आणि खरा प्रश्न उभा राहिला. तिच्यासारख्या मुलांना गणित सोडून दुसरा विषय घ्यायची सवलत होती. महाजन सरांचं म्हणणं होतं, सवलत आहे तर घ्यावी. माणूस वाईट नव्हता. वाचणारी मुलगी अडखळली, ऐकण्यात चूक झाली, पोरगी गणितात गेली, तर वर्ष वाया, वडिलांचं मन खचणार, आणि मग तिला पुन्हा शाळेत कोण पाठवणार? हे सगळं त्यांनी वंदनाला समोर बसवून नीट समजावलं.

वंदना म्हणाली, “सवलत चांगली आहे, सर. पण मला गणित येतं.”

सर म्हणाले, “येणं वेगळं आणि पास होणं वेगळं, बाळ.”

“मग पास होऊन दाखवते. डोळे गेलेत सर, डोकं नाय गेलेलं.”

शेवटी तोड निघाली. सहामाहीत तिने गणिताचा पेपर सगळ्यांसारखा द्यायचा. पास झाली, तर बोर्डाच्या फॉर्मवर गणित. नाही तर दुसरा विषय, पुन्हा चर्चा नाही. उत्तरं लिहायला नववीतली ज्योती. पण प्रश्न वाचायला ज्योती नको, सर म्हणाले, ती बाईंच्याच तालमीतली, वाचता वाचता उत्तरही सांगेल. प्रश्न स्वतः महाजन सर वाचणार, प्रत्येक प्रश्न दोनदा, त्याहून जास्त नाही. पेपर कल्याणच्या एका शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांकडून तपासून आणायचा. आणि बाईंनी त्या खोलीच्या आसपास फिरकायचं नाही.

बाईंनी सगळं मान्य केलं. फक्त एक म्हणाल्या, “सर, वाचायच्या आधी एकदा माझ्यासमोर वाचून बघाल का?”

“बाई, उभं आयुष्य भाषणं करण्यात गेलं माझं. आता मला वाचायला शिकवू नका.”

ग्रंथालयाच्या खोलीत पेपर झाला. ग्रंथालय माझ्या ताब्यात होतं, म्हणून तोंड उघडायचं नाही या अटीवर मला कोपऱ्यात बसू दिलं होतं. महाजन सर उभे राहून वाचत होते. आवाज काय, उच्चार काय, थांबणं काय! फक्त ते थांबायचे ते टाळ्यांसाठी जिथे थांबावं तिथे. वंदना मान किंचित तिरकी करून ऐकायची, जरा विचार करायची, आणि ज्योतीला सांगायला लागायची. बरेच प्रश्न असे सुरळीत गेले. मी मनातल्या मनात सुस्कारा टाकत होतो, आणि सरांनी पुढचा प्रश्न घेतला.

“सोडवा! एक्स... अधिक... तीनचा वर्ग... बरोबर पंचवीस!”

नेमका त्याच वेळी गणपत आत आला आणि त्याने टेबलावर चहाचा पेला ठेवला.

वंदनाने विचारलं, “सर, हा चा कुणाचा?”

महाजन सर चमकले. पेल्याकडे बघून म्हणाले, “माझा. का? तुला हवाय का?”

“नको, सर. मी विचारतेय, चा कुणाचा?”

“सांगितलं ना, माझा! गणपत, हिला पाणी आण. बाळ, परीक्षेत चहाकडे लक्ष असू नये. ऐक, दुसऱ्यांदा वाचतो.” आणि त्यांनी पुन्हा तसंच, पहिल्यापेक्षाही दमदार आवाजात वाचलं.

मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. बोलायची बंदी, आणि हसू येत होतं तेवढंच रडूही. गणपतने आणलेलं पाणी वंदना निमूट प्यायली. सरांसमोर तिसऱ्यांदा विचारायची तिची छाती झाली नाही. तिने बोटाने बाकावर एक गोल काढला, मग त्यावरून तळवा फिरवला. मला वाटलं, सुटलं गणित हिच्या हातून.

मग ती ज्योतीला म्हणाली, “लिही. ‘चा’ कुणाचा ते कळलं नाही, म्हणून दोन्ही सोडवते.”

पुन्हा ‘चा’ ऐकून सरांनी पेला जरा स्वतःकडे ओढून घेतला.

“पहिलं. ‘चा’ फक्त तीनचा. तर एक्स अधिक नऊ बरोबर पंचवीस. एक्स बरोबर सोळा. आता दुसरं लिही. ‘चा’ टोपलीचा. टोपली उघड, एक्स अधिक तीन, टोपली बंद. टोपलीचा वर्ग बरोबर पंचवीस. म्हणजे टोपलीत पाच, नाहीतर उणे पाच. एक्स बरोबर दोन, नाहीतर उणे आठ.” ती जरा थांबली. “आणि खाली लिही, दहावीला पहिल्याएवढं सोपं विचारणार नाहीत, म्हणून माझं उत्तर दुसरं.”

पेपर सुटल्यावर बाई मला खाली पाण्याच्या टाकीपाशी भेटल्या. सगळ्या परीक्षेभर त्या तिथेच उभ्या होत्या. मी चहाचा प्रकार सांगितला. आधी त्या पोट धरून हसल्या, मग पदराने डोळे पुसले आणि मग एकदम भडकल्या. “मना वाटलंच व्हतं! पोरीने विचारलं, आणि ह्यांनी तिला पाणी पाजलं!” संतापल्या की बाई कोळीवाड्याच्या भाषेत जायच्या, आणि त्या भाषेत त्या पुढे जे बोलल्या ते मुख्याध्यापकांच्या मानाला शोभणारं नव्हतं.

पेपर कल्याणहून तपासून आला. त्या एका उत्तराशेजारी लाल शाईने लिहिलं होतं, ‘दुसरे उत्तर बरोबर. पण हा चा काय प्रकार आहे?’ महाजन सरांनी आम्हां दोघांना बोलावलं. पेपर माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “सोमण, तुम्ही मराठीचे. चहाचा आणि वर्गसमीकरणाचा संबंध काय?”

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी प्रश्नपत्रिका सरांपुढे ठेवली. “सर, हा प्रश्न बघा. वर्ग कुणाचा आहे?”

“सगळ्याचा. इथे कंस दिसतोय की.”

“तुम्हाला दिसतोय. आता डोळे मिटा. सोमण सर, तुम्ही वाचा, त्या दिवशी वाचलं होतं तसंच.”

महाजन सरांनी डोळे मिटले. त्यांनी बाईंचं इतकं मुकाट्याने ऐकलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी वाचलं. एक्स, अधिक, तीनचा वर्ग, बरोबर पंचवीस. सरांनी डोळे लगेच उघडले नाहीत. उघडले, तेव्हा चेहरा उतरला होता.

“मी दोनदा असंच वाचलं.”

“दोनदा,” मी म्हणालो.

“आणि तिने मला विचारलं, कुणाचा. मी म्हटलं, माझा.” ते स्वतःशीच मान हलवत राहिले. मग त्यांनी खण उघडला, वंदनाचा बोर्डाचा फॉर्म काढला, आणि विषयांच्या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘गणित’ लिहिलं. पास तर ती झालीच होती, तेही चांगल्यापैकी. पण मला आजही वाटतं, ती काठावर नापास झाली असती तरी सरांनी त्या दिवशी तेच लिहिलं असतं.

दारात गणपत उभा होता. “साहेब, तीन चा ना?”

बाईंना हसू आवरेना. महाजन सर आधी गोरेमोरे झाले, मग तेही हसले आणि म्हणाले, “हो रे, तीन चा. आणि टोपली घालून आण.” गणपत बिचारा खरंच कुठूनतरी वेताची टोपली शोधून तिच्यात पेले घालून घेऊन आला.

बोर्डाला प्रश्न वाचणार होती ज्योतीच. मार्चपर्यंत बाईंनी तिच्याकडून इतका सराव करून घेतला, की ती पोर घरी आईला बाजाराची यादीसुद्धा टोपली उघडून वाचून दाखवायची. बोर्डाच्या परीक्षेत गणिताचा पेपर कसा गेला, हे विचारायला आम्ही फाटकापाशी थांबलो होतो. वंदना वडिलांचा हात धरून बाहेर आली आणि म्हणाली, “बाई, एकदापण विचारावं नाय लागलं.” बाईंना तेवढं पुरे होतं. गुण नंतर आले, छान आले, पण किती ते बाईंनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं की म्हणायच्या, “तिचे आहेत. तिला विचारा.”

मी पुढे निवृत्त झालो. एका संध्याकाळी डोंबिवलीत आमच्या मागच्या गल्लीतून भाजी घेऊन येत होतो. तळमजल्याच्या एका खिडकीतून एका मुलाचा रडवेला आवाज आला, “टोपली उघड, एक्स वजा दोन... अगं ताई, इथे टोपली नाही, चौकोनी आहे!” आणि त्यावर एक ओळखीचा आवाज, “मग होडी म्हण की रे.” मी तिथेच उभा राहिलो. आमच्या त्या वरणभाताच्या गल्लीत होडी शिरली होती!

वंदना लग्न होऊन डोंबिवलीत आली होती. दिवसा एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आणि संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या. मुलं सगळी डोळस. गणित मुलाने वाचायचं, तिने ऐकायचं; नीट वाचलं नाही तर ती सोडवून देत नसे. पालक मला सांगायचे, नुसतं नीट वाचायला लागला आणि निम्मं गणित आपोआप सुटायला लागलं. मी म्हणायचो, मला माहीत आहे. मला विचारूच नका, मी त्यात षष्ठीपासून आहे.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा, कोळीवाड्यातल्या त्यांच्या घरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्याने तसंही फारसं दिसत नव्हतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, अबोली मात्र होती. वंदना शेजारी बसून ठिपक्यांच्या वहीवर बोटं फिरवत त्यांना गणित वाचून दाखवत होती, सावकाश, प्रत्येक टोपली उघडत आणि बंद करत. बाई मनातल्या मनात सोडवत होत्या. मध्येच चुकल्या.

“घाई करू नका, बाई. परत वाचते,” वंदना म्हणाली.

बाई माझ्या दिशेला वळल्या. “सोमण सर, इतकी वर्षं मी वाचायला शिकवत होते. ऐकायला आत्ता बसले. कठीण आहे हो. ही पोर रोज एवढं करायची?” त्यांचा तो आवाज एवढासा झाला होता. मी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला.

वंदना उठून आत गेली. त्या घरात तिला कुठे काय आहे ते सगळं ठाऊक होतं. थोड्या वेळाने पेल्यांचा किणकिणाट झाला आणि ती ट्रे घेऊन बाहेर आली.

बाईंनी मान वर केली. “चा आला वाटतं. कुणाचा गो?”

“टोपली उघड,” वंदना म्हणाली. तिने ट्रे खाली ठेवला. “तुम्ही, सोमण सर, मी. टोपली बंद.” मग हाताने चाचपून तिने बाईंची बोटं शोधली आणि पेला त्यांच्या हातात दिला. “टोपलीचा.”

बाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, “आता बरोबर वाचलंस.”